हास्याची मुखत्यारी

विनोदाला कोणाचे तरी चित्र रेखाटल्यावाचून गत्यंतर नसते, आणि चित्र म्हटले की ते काढणारा एक व ज्याचे काढले जाते तो दुसरा, असे दोन पक्ष आपोआपच उभे राहतात. हे दोघे एकाच गावचे, एकाच पंक्तीला बसणारे असले म्हणजे थट्टेची फेड थट्टेने होते आणि कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु एकाच्या हाती रंगमंच, भांडवल व वितरणाची सारी यंत्रणा आणि दुसऱ्याच्या हाती केवळ आपला चेहरा, अशी विषम वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तर त्या चेहऱ्यावरची मालकीही हळूहळू चित्र काढणाऱ्याकडे जाते, आणि दीर्घ वहिवाटीने दुसऱ्याच्या नावे चढलेल्या जमिनीप्रमाणे ती परत मिळविणे मूळ धन्याला मोठे कष्टाचे होऊन बसते. अमेरिकेत मोठ्या स्टुडिओंच्या आश्रयावाचून निघालेल्या विनोदी चित्रपटांचा गेल्या चार दशकांचा इतिहास बऱ्याच अंशी ह्या फिर्यादीचा इतिहास आहे. ज्यांना दुसऱ्यांनी हास्यविषय केले त्यांनी हास्याची मुखत्यारी स्वतःकडे कशी घेतली, ती घेताना पैशाच्या टंचाईने त्यांच्या कलेला कोणते वळण लावले, आणि मुखत्यारी हाती आल्यावर ‘आपण कोण’ हा प्रश्न त्यांना किती निरनिराळ्या रूपांत भेटला, हे ह्या प्रकरणात पाहावयाचे आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे अवश्य आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत अत्यंत लोकप्रिय झालेल्या ‘मिन्स्ट्रल’ खेळांत गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांच्या बोलण्याचालण्याची नक्कल करीत, आणि 1928 साली रेडिओवर सुरू झालेल्या ‘एमॉस अँड अँडी’ ह्या मालिकेत फ्रीमन गॉस्डेन व चार्ल्स कॉरेल ह्या दोघा गोऱ्या गृहस्थांनी तीच परंपरा काजळीवाचून, केवळ आवाजाच्या बळावर, घरोघरी पोहोचविली. चार्ली चॅन नामक चिनी गुप्तहेराची भूमिका स्वीडनमध्ये जन्मलेल्या वॉर्नर ओलंडने आणि त्याच्यामागून सिडनी टोलरने केली, आणि दोघेही गोरेच होते. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना तर बहुधा पिसे खोवून, घोड्यावर बसून, निर्विकार मुद्रेने टेकडीवर उभे राहण्यापलीकडे काम नसे. 1940 साली हॅटी मॅकडॅनिएल हिला ‘गॉन विथ द विंड’मधील दासीच्या भूमिकेबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळाले, हा मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती, परंतु त्या समारंभात तिची बैठक आपल्या चित्रपटातील सहकाऱ्यांपासून वेगळ्या मेजावर होती. जिच्या अभिनयाचा गौरव करावयाचा तिला पंक्तीला मात्र बसवावयाचे नाही, ही त्या काळाची रीत ध्यानात ठेवल्यावाचून पुढे आलेल्या चित्रपटांचे मर्म कळणार नाही.

ह्या रीतीशी स्टुडिओच्या कुंपणाच्या आत राहून झुंज देता येते काय, ह्याची एक बोधप्रद परीक्षा 1970 साली झाली. मेल्विन व्हॅन पीबल्स ह्या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाकडे कोलंबिया स्टुडिओने ‘वॉटरमेलन मॅन’ हा चित्रपट सोपविला. जेफ गर्बर नावाचा एक गोरा विमा-विक्रेता सकाळी उठून पाहतो तो आपली कातडी काळी झालेली, असे त्याचे कथानक. चालकांची कल्पना अशी की, गोऱ्या नटाला घ्यावे, पुढील भागासाठी त्याला काळा रंग फासावा, आणि शेवटी हे सारे स्वप्नच होते असे दाखवून प्रेक्षकांना निश्चिंत मनाने घरी पाठवावे. व्हॅन पीबल्सने हा क्रमच उलटा केला. गॉडफ्री केंब्रिज ह्या कृष्णवर्णीय नटाला त्याने घेतले आणि आरंभीच्या थोड्या भागापुरता त्यालाच पांढरा रंग फासला. स्वप्नाचा शेवट तर त्याने ठेवलाच नाही, आणि त्याचा गर्बर अखेरपर्यंत काळाच राहिला. रंग कोणाच्या तोंडाला फासावयाचा आणि कोणता चेहरा मूळचा मानावयाचा, एवढ्या एका निर्णयाने तीच कथा गोऱ्याच्या दुःस्वप्नाऐवजी कृष्णवर्णीयाच्या जागृतीची झाली. परंतु असा एकेक निर्णय भांडून, वेळप्रसंगी वळसे घेऊन, पदरात पाडून घ्यावा लागतो हे त्या दिग्दर्शकाने पुरते ओळखले असावे, कारण पुढचा चित्रपट त्याने स्टुडिओबाहेर पडून स्वतःच्या हिंमतीवर काढला.

स्वतःच्या हिंमतीवर म्हणजे नेमके काय, हे रॉबर्ट टाउनसेंडच्या ‘हॉलिवूड शफल’ (1987) ह्या चित्रपटाइतके स्पष्ट दुसऱ्या कोणत्याही उदाहरणात दिसत नाही, आणि म्हणून तेथे थोडे थांबावयास हवे. टाउनसेंड हा शिकागोत जन्मलेला नट. ‘अ सोल्जर्स स्टोरी’सारख्या चित्रपटात चांगले काम करूनही आपल्याकडे येणाऱ्या भूमिका गुंड, दलाल आणि गुलाम ह्यांच्याच असतात, हे पाहून त्याने आणि कीनन आयव्हरी वेयन्स ह्याने मिळून ह्याच अनुभवावर पटकथा लिहिली. अंदाजे 1 लाख डॉलरांत चित्रपट झाला. त्यातील मोठा भाग त्याने नटाच्या कमाईतून शिल्लक टाकलेला होता, आणि सुमारे 40 हजार डॉलर त्याने क्रेडिट कार्डांवर उचलले. ज्या कर्जाने लोक घरात फ्रीज आणि टेलिव्हिजन आणतात त्या कर्जाने त्याने कच्ची फिल्म आणली, असे म्हटले तरी चालेल. वितरणाला सॅम्युअल गोल्डविन कंपनी मिळाली आणि चित्रपटाने 50 लाख डॉलरांहून अधिक उत्पन्न केले.

ह्या चित्रपटाचा नायक बॉबी टेलर एका क्षुद्र खाद्यगृहात नोकरी करीत गुंडाच्या भूमिकेसाठी चाचण्या देत हिंडतो, आणि त्याला भूमिका देणारे गोरे लेखक-दिग्दर्शक त्याने आणखी ‘काळे’ व्हावे म्हणून त्याला शिकवणी देतात. त्याच्या दिवास्वप्नांतून निरनिराळी प्रहसने फुटत जातात. त्यांतील सर्वांत तीक्ष्ण म्हणजे ‘ब्लॅक ॲक्टिंग स्कूल’, कृष्णवर्णीय नटांची अभिनयशाळा. तेथे गोरे शिक्षक शिष्यांना रस्त्यावरच्या टग्यासारखे कसे चालावे, कसे बोलावे ह्याचे पाठ देतात. आणि गुलामाची दीनवाणी भूमिका नुकतीच संपविलेला नट कॅमेऱ्याकडे वळून अस्सल इंग्रजी नाट्यगृहातील सुसंस्कृत उच्चारांत आपल्या विद्यालयाची थोरवी सांगू लागतो. येथे हसू येते ते कोणाच्या व्यंगाला नाही. चित्र आणि मनुष्य ह्यांमधले अंतर क्षणार्धात उघडे पडते, त्याचे ते हसू आहे. ज्या टग्याला आपण वास्तव समजत होतो तो शिकवून, घोकून, मोल देऊन तयार करवून घेतलेला आहे, ही गोष्ट शंभर पानी निबंधाने पटली नसती ती दोन मिनिटांत पटते.

आता ह्या चित्रपटाच्या बांधणीला, म्हणजे सलग कथा कमी आणि सुटी प्रहसने अधिक ह्या रचनेला, काही जणांनी दोष दिला आहे, आणि शुद्ध शास्त्र म्हणून पाहिले तर तो अगदीच निराधार नाही. परंतु ज्याचे चित्रण पैसा हाती येईल तसतसे, मोठमोठी खिंडारे टाकीत चालले होते, आणि ज्याचे नट एकाच चित्रपटात तीन-तीन, चार-चार भूमिका करीत होते, त्याला सुट्या प्रहसनांची माळ हीच स्वाभाविक रचना होती. आणि योगायोग असा की, जो नट दररोज दुसऱ्याने आखून दिलेली निराळी सोंगे घेऊन हिंडतो त्याच्या मनाचे चित्रही ह्याच तुटक रचनेत उतरावयाचे. गरजेने लादलेला आकार आणि विषयाने मागितलेला आकार असा एकत्र येतो तेव्हा त्याला उणीव म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ह्याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे, ज्या नटांनी पोटासाठी तसल्या भूमिका पत्करल्या त्यांचा टाउनसेंडने उपहास केलेला नाही. बॉबीला घरभाडे द्यावयाचे आहे, त्याच्या धाकट्या भावाने त्याच्याकडे अभिमानाने पाहावयाचे आहे, आणि ह्या दोहोंचा मेळ बसत नाही. त्या कुचंबणेकडे चित्रपट सहानुभूतीने पाहतो, आणि हॅटी मॅकडॅनिएलच्या वाट्याला आलेली कुचंबणाही जातीने हीच होती.

हा प्रश्न निकालात निघाला असे मात्र समजू नये. 2023 साली, म्हणजे छत्तीस वर्षांनी, कॉर्ड जेफरसनच्या ‘अमेरिकन फिक्शन’मधला सुविद्य कृष्णवर्णीय कादंबरीकार वैतागून टग्यांच्या भाषेत एक खोटीच कादंबरी लिहितो आणि तीच प्रकाशकांना सर्वांत ‘खरी’ वाटते. पर्सिव्हल एव्हरेट ह्यांच्या 2001 सालच्या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट टाउनसेंडच्या अभिनयशाळेचाच पुस्तकी अवतार आहे. रूपांतरित पटकथेचे ऑस्कर स्वीकारताना जेफरसनने स्टुडिओंना विनंती केली ती हीच की, 20 कोटी डॉलरांचा एक चित्रपट काढण्याऐवजी 1 कोटीचे वीस काढून पाहा. विनोदाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न अखेर जमाखर्चाच्या वहीत येऊन ठेपतो, तो असा.

टाउनसेंडच्या एक वर्ष आधी ब्रुकलिनमध्ये स्पाइक ली ह्याने ‘शीज गॉटा हॅव इट’ हा चित्रपट सुमारे 1 लाख 75 हजार डॉलरांत, बारा दिवसांच्या चित्रणात, एक रंगीत प्रसंग वगळता कृष्णधवल असा पुरा केला होता. त्याचा मार्ग निराळा. गोऱ्यांनी काढलेल्या चित्राला उत्तर देण्याच्या भानगडीत तो पडतच नाही. त्याच्या जगात गोरे जवळजवळ नाहीतच, आणि एका तरुणीवर लुब्ध असलेले तीन कृष्णवर्णीय पुरुष कॅमेऱ्याकडे तोंड करून आपापली कैफियत मांडतात, त्यांत स्वतः लीने वठविलेला सायकलस्वार मार्स ब्लॅकमन आपल्या अखंड बडबडीने प्रेक्षकांना मोहून टाकतो. कोणाला काही सिद्ध करून दाखविण्याची गरज न उरल्याने आलेला हा मोकळेपणा त्या काळी फार नवा होता. तरीपण नायिका नोला डार्लिंग हिचे स्वातंत्र्य हा ज्या कथेचा विषय, त्या कथेत तिच्यावरील बलात्काराचा प्रसंग ज्या हलक्या हाताने आटोपला आहे तो डोळ्यांत सलतो, आणि खुद्द लीने 2014 साली त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. एका समाजाची मुखत्यारी हाती आली म्हणजे त्या समाजातील प्रत्येकाची आली असे होत नाही. वंशाच्या प्रश्नात अन्याय सोसणारा पुरुष स्त्रीच्या प्रश्नात चित्र काढणाऱ्याच्या जागी जाऊन बसतो, आणि तेथून नव्या फिर्यादीला आरंभ होतो.

ती फिर्याद शेरिल डून्ये हिने ‘द वॉटरमेलन वुमन’ (1996) मध्ये गुदरली. लायबेरियात जन्मलेली ही तरुणी कृष्णवर्णीय, स्त्री आणि समलिंगी अशी तिहेरी परिघाबाहेरची. कृष्णवर्णीय समलिंगी स्त्रीने दिग्दर्शित केलेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून ह्या चित्रपटाची नोंद होते. फिलाडेल्फियातील व्हिडिओच्या दुकानात काम करणारी शेरिल नावाचीच नायिका, जी डून्येने स्वतः साकारली आहे, तीसच्या दशकातील एका दासीच्या भूमिकेत चमकलेल्या नटीचा शोध घेऊ लागते. श्रेयनामावलीत त्या नटीला नावसुद्धा नाही, केवळ ‘वॉटरमेलन वुमन’ म्हणून ती नोंदलेली. शेरिल ग्रंथालये धुंडाळते, वृद्धांना गाठते, स्वतःच्या आईला कॅमेऱ्यासमोर बसविते (आणि ती बाई डून्येची खरीखुरी आईच आहे), एका स्वयंसेवी दफ्तरखान्यात जाते तर तेथे कागद खोक्यांतून अस्ताव्यस्त ओतलेले आणि व्यवस्थापिका नियमांच्या हट्टाला पेटलेली. ह्या प्रसंगांतला विनोद सौम्य आहे, आपल्याच माणसांच्या लकबींवर प्रेमाने ठेवलेले बोट आहे. आणि अखेरीस पडद्यावर अक्षरे उमटतात त्यांतून कळते की, ही नटी कधी अस्तित्वातच नव्हती. तिची ‘जुनी’ छायाचित्रे झोई लिओनार्ड ह्या छायाचित्रकर्तीने ह्याच कामासाठी काढली होती, एकूण 78. इतिहासाने ज्यांची दप्तरे ठेवलीच नाहीत त्यांनी आपला पुरावा आणावा कोठून, ह्या वेदनेला डून्येने दिलेले हे उत्तर मला अत्यंत धाडसी आणि तितकेच प्रामाणिक वाटते, कारण आपला पुरावा बनावट आहे हे तिने स्वतःच सांगून टाकले आणि तो बनावट का करावा लागला हा प्रश्न प्रेक्षकांच्या पदरात घातला.

ह्या चित्रपटाला राष्ट्रीय कला-निधीकडून 31,500 डॉलरांचे सरकारी अनुदान मिळाले होते. दोन स्त्रियांमधील प्रणयप्रसंगाचा बोभाटा झाल्यावर मिशिगनचे लोकप्रतिनिधी पीटर होक्स्ट्रा ह्यांनी त्या अनुदानास हरकत घेतली, आणि त्या निधीच्या अंदाजपत्रकातून नेमकी तेवढीच रक्कम छाटावी अशी सूचना पुढे आली. साऱ्या संघराज्याच्या खजिन्यात ही रक्कम म्हणजे समुद्रातला थेंबही नाही. परंतु कोणाचे चित्र सार्वजनिक पैशातून रंगावे ह्याचा तो वाद होता, आणि स्वतंत्र म्हणविणारा चित्रपटही क्रेडिट कार्ड, मित्रांची वर्गणी, वितरकाची मर्जी आणि सरकारी अनुदान ह्यांपैकी कोणावर तरी विसंबून असतोच, हे त्याने उघड केले. त्याच सरकारच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2021 साली हा चित्रपट राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करण्याच्या यादीत घातला.

सरकारी अनुदानाच्या आधारावरच, परंतु चौदा वर्षे आधी, सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये वेन वांग ह्याने पंचवीस हजार डॉलरांच्या आत ‘चॅन इज मिसिंग’ (1982) हा कृष्णधवल चित्रपट काढला होता, आणि माझ्या मते ह्या सर्व मालिकेत विचाराने तोच सर्वांत पुढे गेलेला आहे. जो आणि स्टीव्ह हे दोघे टॅक्सीवाले, आपले 4 हजार डॉलर घेऊन नाहीसा झालेल्या चॅन हंग नावाच्या गृहस्थाच्या शोधात निघतात. चार्ली चॅनच्या चित्रपटात रहस्य उलगडणारा चिनी. येथे चिनी मनुष्य हेच रहस्य. कोणी म्हणतो चॅन मोठा बुद्धिमान, कोणी म्हणतो भोळसट. कोणाच्या मते तो चीनच्या लाल राजवटीचा, कोणाच्या मते तैवानचा. बायको म्हणते त्याला अमेरिकन होणे जमलेच नाही. एक तरुणी, चॅनला वाहतूक पोलिसाने विचारलेल्या साध्या प्रश्नाचे हो-नाही असे उत्तर त्याला का देता आले नाही, ह्याचे भाषाशास्त्रीय विवेचन अखंड ओघात करीत राहते आणि ते दोघे टॅक्सीवाले चकित होऊन ऐकत बसतात. तिचे म्हणणे खोटे मुळीच नाही, परंतु एवढ्या विवेचनातून चॅन मात्र तसूभरही जवळ येत नाही. शेवटी पैसे परत मिळतात, चॅन मिळत नाही. त्याचे जे एकमेव छायाचित्र आपल्याला दिसते त्यात त्याचा चेहरा अंधारात गेलेला. टाउनसेंडने खोट्या चित्रावर प्रहार केला. वांगने ‘खरे चित्र’ देण्याचे नाकारले, आणि एका वस्तीत किती परस्परविरोधी माणसे नांदतात हे दाखवून एका चेहऱ्यात समाज बसविण्याची कल्पनाच निकालात काढली. ह्या दिग्दर्शकाचा जन्म हाँगकाँगचा, आणि त्याच्या वडिलांनी त्याचे नाव ठेवले होते जॉन वेन ह्या ‘वेस्टर्न’ चित्रपटांतील नटावरून.

तोच जॉन वेन अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या विनोदात आला तो मात्र गाण्यातून. ख्रिस एअर ह्याने दिग्दर्शित केलेल्या व शर्मन अलेक्सीने लिहिलेल्या ‘स्मोक सिग्नल्स’ (1998) ह्या चित्रपटात आयडाहोतील कुर दॅलेन राखीव प्रदेशातले व्हिक्टर आणि टॉमस हे दोन तरुण, व्हिक्टरच्या मृत पित्याच्या अस्थी आणावयास बसने फिनिक्सकडे निघतात. वाटेत दोन गोरे त्यांच्या जागा बळकावतात, तेव्हा मागे जाऊन बसलेले हे दोघे जॉन वेनचे दात खरे की प्लास्टिकचे अशा आशयाचे गाणे टाळ धरल्यासारखे म्हणू लागतात. त्याच प्रवासात व्हिक्टर टॉमसला बजावतो की, असा हसत बसू नकोस, खऱ्या इंडियनासारखा कठोर दिस, नुकताच गव्याची शिकार करून आल्यासारखा. आणि टॉमस निरागसपणे म्हणतो, आपल्या जमातीने गवे कधी मारलेच नाहीत, आपण मासे धरणारे. ही पुन्हा अभिनयशाळाच. परंतु येथे शिक्षक गोरा राहिलेला नाही. पडद्यावरचे चित्र इतके खोल झिरपले आहे की एक मूळनिवासी दुसऱ्याला मूळनिवासी कसे दिसावे ते शिकवितो. टाउनसेंडला बाहेर उभा असलेला प्रतिवादी एअर-अलेक्सींना घरातच सापडला, आणि म्हणून त्यांचे हसू अधिक हळवे आणि अधिक बोचरे झाले.

सनडान्स महोत्सवात प्रेक्षकांचे पारितोषिक मिळवून आणि सुमारे 20 लाख डॉलरांच्या खर्चावर त्याच्या तिप्पट उत्पन्न करूनही ह्या चित्रपटामागून तशा चित्रपटांची रीघ लागली नाही. दशकातून एखादाच चित्रपट वाट्याला आला म्हणजे त्याच्यावर साऱ्या समाजाचे ओझे पडते. त्यात दारूबाज बाप दाखविला तर बदनामीचा आरोप आणि न दाखविला तर असत्याचा. ओक्लाहोमाचा स्टर्लिन हारजो ह्या मधल्या काळात लहान भांडवलावर ‘फोर शीट्स टू द विंड’ (2007) आणि ‘बार्किंग वॉटर’ (2009) असे चित्रपट काढीत राहिला, आणि 2021 साली त्याने न्यूझीलंडच्या तायका वाइतितीसह ‘रेझर्व्हेशन डॉग्ज’ ही टेलिव्हिजन मालिका उभी केली, तिचे लेखक व दिग्दर्शक सर्व मूळनिवासीच होते. तीत एका मुलाला वरचेवर दर्शन देणारा पूर्वज योद्धा आहे, घोड्यावर बसलेला, अंगाला रंग फासलेला. अमेरिकन सैन्याशी झालेल्या लिटल बिगहॉर्नच्या रणात आपण हजर होतो असे तो मोठ्या तोऱ्यात सांगू लागतो, आणि मग कबूल करतो की शत्रूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच घोड्याचा पाय बिळात अडकला, घोडा आपल्यावर उलटला, आणि लढाई तेथेच संपली. ‘स्मोक सिग्नल्स’मध्ये व्हिक्टरच्या बापाची भूमिका करणारा गॅरी फार्मर ह्या मालिकेत एका विक्षिप्त काकाच्या भूमिकेत आहे, आणि तो एकटाच समाजाचा बाप म्हणून उभा नसल्यामुळे, त्याच्या आसपास कितीतरी आत्या, माम्या, पोलीस शिपाई, उनाड पोरे आणि वैदू वावरत असल्यामुळे, त्याला ह्या खेपेस हवे तितके विक्षिप्त होण्याची मुभा मिळाली.